जर्मनीची मीटिंग डब्याच्या वेळेवर येते?

हिंजवडीत दुपारी दोनला असणारी जर्मनीची रोजची मीटिंग मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर एक वाजता येते. तिकडे घड्याळ तासाने पुढे जातं, फरक साडेचारवरून साडेतीन तासांवर येतो आणि डबा उघडाच राहतो.

उपाय सोपा आहे. मीटिंगचं निमंत्रण आपण पाठवायचं आणि वेळेखालचा टाइम झोन भारताचा निवडायचा. यादीत पुणे नसतं, कोलकाता शोधा. मग आपली दोनची वेळ वर्षभर दोनचीच राहते.

मात्र आधी त्यांना विचारा, कारण उन्हाळ्यात त्यांचे साडेनऊचे साडेदहा होतात. अमेरिकेचे लोक असतील तर जास्त जपा, तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्याच रविवारी बदलतं.