कुंडीतलं लिंबू: पहिली दोन वर्षं फळाचं विसरा, मुळं सांभाळा

नर्सरीत गेलं की सगळ्यांचा हात आधी जातो तो दहा-बारा लिंबं लगडलेल्या इवल्याशा रोपाकडे. ते घेऊ नका. घ्यायचंच असेल तर घरी आणून ती लिंबं काढून टाकायची तयारी ठेवा, कारण दीड फुटाचं झाड, पिशवीत मुळं कोंबलेली, त्यावर फळांचं ओझं आणि वर जागाही बदलली, मग आधी फळं गळतात, मग पानं गळतात आणि आपण म्हणतो आमच्याकडे लिंबू जगतच नाही. त्यापेक्षा गडद पानांचं, जाड खोडाचं, फळ नसलेलं रोप शंभर पटीने बरं.

कागदी लिंबूच घ्या, आपल्या हवेला तेच मानवतं. राहुरी कृषी विद्यापीठाचं साई शरबती वाण मिळालं तर उत्तम, खैऱ्या रोगाला (पानांवर खडबडीत ठिपके पडतात तो, म्हणजे कँकर) ते बरंच दाद देत नाही. परभणीचं प्रमालिनी किंवा विक्रमही चांगलं, त्याला घोसाने लिंबं लागतात. बी लावूनही झाड येतं, आणि कागदी लिंबाच्या एका बीतून कधीकधी दोन-तीन कोंब निघतात ते बहुतेक आईसारखेच असतात, पण फळाला चार-पाच वर्षं थांबायची तयारी हवी आणि काटे भरपूर. कलम किंवा गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) असेल तर दोन-तीन वर्षांत काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. आपल्याकडे नर्सरीत येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, आणि मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला की बाहेरची भुसभुशीत माती ओली राहते आणि गोळा आतून कोरडा ठणठणीत, किंवा उलट, गोळा चिखल होऊन बसतो. म्हणून पिशवी फाडली की गोळा अर्धा तास बादलीतल्या पाण्यात ठेवा आणि बाहेरची माती बोटांनी हलकेच सुटेल तेवढीच सोडवा. सगळी मुळं धुवून नागडी करायची नाहीत, रोप बसेल खाली. हे काम भर मे महिन्यात करू नका, जूनमध्ये एक-दोन पाऊस पडून हवा गार झाली की करा.

कुंडी सुरुवातीला बारा इंची पुरे. एकदम मोठ्या ड्रममध्ये लावलं की एवढ्या मातीतलं पाणी छोटी मुळं ओढू शकत नाहीत आणि माती ओलीच राहते. दीड-दोन वर्षांनी अठरा इंचीत न्या. माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, जाडी वाळू एक भाग, मूठभर निंबोळी पेंड. भोकावर एक खापरी ठेवली की झालं, तळाला दगडांचा थर वगैरे नको, त्याने पाणी लवकर निघत नाही, उलट मातीची जागा जाते. कलमाचा जोड मातीच्या तीन-चार इंच वरच राहायला हवा.

ऊन सहा तास तरी. उत्तरेची गॅलरी असेल तर सरळ पुदिना लावा, लिंबाचा हट्ट सोडा.

पाण्याचं वेळापत्रक नसतं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या, ओलं लागलं तर निघून या. मे महिन्यात रोज लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांआड, पावसाळ्यात कदाचित आठवडाभर नाहीच. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाका. आणि माती ओली असताना पानं मलूल झाली तर पाणी कमी पडलं असं समजून अजून ओतू नका, मुळांना हवा मिळत नाहीये त्याची ती खूण आहे, बहुतेक लिंबं अशीच मरतात.

पानं पिवळी पडली की लोक लगेच एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकतात. थांबा, आधी कुठली पानं पिवळी झाली ते बघा. खालची जुनी पानं सगळीकडून पिवळी म्हणजे नत्र कमी, खत द्या. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय, बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलं की हे हमखास होतं, आणि माती सतत ओली राहिली तरी असंच होतं. त्याला सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी लागते, आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. जुन्या पानावर देठाकडे हिरवा उलटा व्ही राहून बाकी पान पिवळं झालं, तर मॅग्नेशियम, तेव्हाच एप्सम सॉल्ट.

खत म्हणजे महिन्याला एक-दोन मूठ गांडूळखत आणि अधूनमधून निंबोळी पेंड. शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून दहापट पाण्यात मिसळून घातली तर झाड खुश होतं, वास मात्र शेजाऱ्यांनाही येतो, बघून घ्या. नवीन लावलेल्या रोपाला पहिला महिनाभर काही नको.

किडींमध्ये दोन मुख्य. नवी कोवळी पालवी आली की पानांवर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात, पान वळतं, ती नागअळी. अळी पानाच्या आत असते त्यामुळे वरून काहीही मारून उपयोग कमीच, पालवी फुटताना कडुनिंबाचं तेल पाच मिली आणि थोडं लिक्विड साबण लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी फवारा, पान जुनं झालं की त्रास आपोआप संपतो. दुसरी लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहान असताना हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते, म्हणून दिसतच नाही, मग मोठी होऊन हिरवीगार होते आणि दोन दिवसांत छोटं झाड खराटा करते. काडीने डिवचा, डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. हाताने उचलून टाका, औषधाची गरजच नाही. बाजूला मोठा कढीपत्ता असेल तर त्यावर सोडा, तिला तोही चालतो आणि फुलपाखरू बघायला मिळतं.

पावसाळ्यात पानांवर पिवळ्या कडेचे खडबडीत तपकिरी ठिपके आले तर तो खैऱ्या. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, कात्री स्पिरिटने पुसा, आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला तीन ग्रॅम फवारा.

जोडाच्या खालून फुटवा आला तर लगेच खुडा. बहुतेक वेळा तो खालच्या खुंटाचा, म्हणजे ज्या जंबेरी लिंबावर कलम बांधलेलं असतं त्याचा असतो, वाढतो झपाट्याने आणि वरचं कलम उपाशी ठेवतो. आपण खुश की काय जोमदार वाढतंय!

पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाका, दुसऱ्या वर्षी फार तर चार-पाच फळं ठेवा. शेतकरी पाणी तोडून ताण देतात आणि बहार धरतात (एकदम फुलं आणतात), ते कुंडीतल्या लहान रोपावर करायचं नाही, एवढ्याशा मातीत ते वाळूनच जाईल. वाटाण्याएवढी फळं गळाली तर घाबरू नका, झाड स्वतःच विरळणी करतं. फुलापासून लिंबू तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात, आणि तोडताना ओढू नका, देठासकट कात्रीने कापा, ओढलं की कोवळी फांदी सालीसकट सोलून निघते.