शेवटची ओळ वाचली, तरी बसचा नंबर दिसत नाही? डोळे तपासताना या चुका टाळा

माझी पहिली नोकरी लालबागकडच्या एका चष्म्याच्या दुकानात होती. एक काका चष्मा घेऊन गेले आणि आठवड्यात परत आले. "अहो मॅडम, तुमच्या इथे शेवटची ओळ घडाघडा वाचतो. पण स्टॉपवर बेस्टचा नंबर बस पुढ्यात येऊन थांबेपर्यंत कळत नाही. हे कसं?" पुन्हा तपासलं, पुन्हा ६/६, म्हणजे निकोप नजर. मी नवी होते, वाटलं काका उगाच हट्ट करतायत. रात्री शटर ओढायच्या आधी सहज टेप लावला. खुर्चीपासून तक्त्यापर्यंत तीन मीटर, आणि तक्ता होता सहा मीटरवरून वाचायचा! म्हणजे काकांची नजर ३/६, हिशेबाने ६/१२. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "बाकी कोणाची तक्रार आहे का?"

कशी असेल? तिथे सगळेच पास होत होते.

हा अपूर्णांक आला हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाच्या १८६२ सालच्या तक्त्यातून. वरचा आकडा म्हणजे तुम्ही किती मीटरवर बसलात. खालचा म्हणजे ते अक्षर निकोप नजरेला किती मीटरवरून ओळखू यायला हवं. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या पाच भागांएवढा कोन ते अक्षर त्या अंतरावरून डोळ्याशी करतं. म्हणून ६/६ च्या ओळीतलं अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असतं आणि सगळ्यात वरचं ६/६० चं साधारण ८७ मिलिमीटर. घरी प्रिंट काढलीत तर आधी पट्टी लावा. 'फिट टू पेज' चालू राहिलं की अक्षरं बारीक होतात, आणि मग धडधाकट पोरालाही चष्मा लागला म्हणून घरात रडारड. दहा बाय दहाच्या खोलीत तपासायचं असेल तर तीन मीटरचाच तक्ता घ्या, त्यात ६/६ चं अक्षर ४.४ मिलिमीटरच्या आसपास भरतं.

काही दुकानांत समोर आरसा आणि तुमच्या डोक्यावर उलट्या अक्षरांचा तक्ता असतो. मुंबईत सहा मीटरची खोली परवडते कोणाला! ती पद्धत बरोबर आहे, फक्त डोळ्यापासून आरसा आणि आरशापासून तक्ता, दोन्ही मिळून सहा मीटर भरायला हवेत.

हात कसा धरता?

डोळा तळहाताने दाबून झाकला की हात काढल्यावर काही क्षण त्या डोळ्याला धूसर दिसतं, आणि पुढची पाळी नेमकी त्याचीच असते. हात वाटीसारखा पोकळ धरा किंवा जाड पुठ्ठा वापरा. बोटांनी झाकू नका, लहान मुलं फटीतून हमखास बघतात. त्यांना फसवायचं नसतं, बरोबर उत्तर द्यायचं असतं.

परळच्या एका शाळेत शिबिराला गेले होते. दुसरीतली एक मुलगी डाव्या डोळ्याने भराभर वाचून गेली. उजव्यानेही तसंच, पण मान हळूहळू तिरकी व्हायला लागली. पुठ्ठा मी माझ्या हातात घेतला आणि तीच ओळ शेवटाकडून वाचायला सांगितली. दुसऱ्या अक्षराला अडली. तिथे उभ्या बाईंना खरं वाटेना, "अहो, आत्ता तर वाचलं तिने!" पाठ होतं. रांगेत तिच्यापुढे चार मुलं तोच तक्ता मोठ्याने वाचून गेली होती. आळशी डोळा म्हणतात तो हाच असू शकतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून सुधारायला बराच वाव असतो. त्यामुळे दुसऱ्या डोळ्याला ओळ उलटी वाचायला लावा, आणि रांग दाराबाहेर ठेवा.

डोळे बारीक करणं हीसुद्धा चोरीच! पापण्यांच्या फटीतून प्रकाश कमी शिरतो आणि अक्षर रेखीव दिसतं. हीच युक्ती आम्ही मुद्दाम वापरतो. साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून बघायला लावतो, त्याला पिनहोल म्हणतात. त्यातून ओळ खाली सरकली तर बहुधा नंबरचा प्रश्न. नाही सरकली तर मोतीबिंदू, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार, असं काहीतरी मागे असू शकतं आणि नुसता चष्मा बदलून भागणार नाही.

दिसत नाही की वाचता येत नाही?

एका भाजीवाल्या मावशींना मी इंग्रजी तक्त्यासमोर बसवलं. तिसऱ्या ओळीलाच "नाय दिसत." चूक माझी, मी विचारलंच नव्हतं. अक्षरं येत नाहीत हे चारचौघांत कोण सांगणार? मग इंग्रजी E वेगवेगळ्या दिशांना फिरवलेला तक्ता लावला, "मावशी, दांडे जिकडे तिकडे तीन बोटं करा." ६/९ पर्यंत बोटं बरोबर फिरली. मराठी तक्ताही चांगला, पण शिरोरेघेखाली घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होते. म्हणून मागच्या वेळी इंग्रजीवर ६/६ आणि आता मराठीवर ६/९ आलं तर लगेच घाबरू नका. शक्यतो दरवेळी एकाच प्रकारच्या तक्त्यावर तपासा.

आणखी काही. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत असेल तर खालच्या दोन ओळी गेल्याच. "माझा नंबर ६/१२ आहे" असं म्हणू नका, ती नजर. नंबर म्हणजे काचेची पॉवर. जुना चष्मा घरी विसरू नका, नजर त्याच्यासह आणि त्याच्याविना अशी दोन्ही लिहून घ्यावी लागते. शुगर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो, ती आटोक्यात येईपर्यंत नवी काच बनवू नका. आणि ६/६ आलं म्हणून काचबिंदू नाही असं नाही. तो आधी कडेची नजर खातो, तक्ता मोजतो समोरची. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतला पडदा डॉक्टरांकडून वेगळा तपासून घ्या.

अचानक एका डोळ्यासमोर पडदा आला, वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, तर घरातला तक्ता काढून बसू नका. रिक्षा-टॅक्सी पकडा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा.