नैराश्य रंगमंचावर आणताना

नैराश्याचा प्रवेश बसवताना बहुतेक तालमी रडण्यापासून सुरू होतात आणि तिथेच फसतात. नट गुडघ्यांत डोकं खुपसतो, हुंदके देतो, आणि दोन मिनिटांत प्रेक्षकाला सगळं कळून चुकतं. तीव्र नैराश्यात अनेकदा उलट घडतं. हालचाल मंदावते, आवाज सपाट होतो, उत्तर उशिरा येतं.

म्हणून आधी काम द्या, भावना नको. रिकामा कप उचलून बेसिनमध्ये ठेवायचा, एवढंच. सगळी हालचाल सारखी संथ केली तर ती नृत्यासारखी दिसते. विलंब काम सुरू करण्याआधी ठेवा. संवादातही तेच. प्रश्नानंतर मनात चार आकडे मोजून उत्तर द्यायचं, पण एका पानावर तीनदाच. प्रत्येक वाक्याआधी विराम आला की प्रेक्षक पात्राला सोडून विरामच मोजायला लागतो.

ब्रिटिश नाटककार सारा केनचं तीव्र नैराश्यावरचं नाटक ‘४.४८ सायकोसिस’ (पहिला प्रयोग २०००, रॉयल कोर्ट, लंडन) बसवणाऱ्यांनी त्यातले आकडे नीट पाहावेत. संहितेत पात्रांची नावं नाहीत, नट किती हेही दिलेलं नाही. आकडे मात्र दोनदा येतात: आधी पानभर विखुरलेले, नंतर शंभरातून सात-सात वजा होत दोनपर्यंत. ही डॉक्टर रुग्णाची एकाग्रता तपासायला घेतात ती चाचणी आहे. ते कवितेसारखे म्हणू नका. नटाला खरोखर वजाबाकी करायला लावा. मराठीत याचा मोठा फायदा मिळतो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी: जीभ आपोआप अडखळते, अडखळण्याचा अभिनय करावा लागत नाही.

लाल प्रकाश आणि घुमणारे रेकॉर्डेड आवाज टाळा. प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या अनेकांना ते शेजारच्या माणसाच्या बोलण्याइतके खरे वाटतात, म्हणून सहकलाकाराला प्रेक्षकांच्या मागे बसवून साध्या सुरात बोलू द्या. स्ट्रोब, म्हणजे झपाट्याने लुकलुकणारा दिवा, तर नकोच, काहींना त्याने फीट येऊ शकते. पांढरा प्रकाश आठ-दहा मिनिटांत, कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सावकाश, निम्म्यावर आणा.

आत्महत्येची पद्धत दाखवू नका, सांगूही नका. दोर, गोळ्यांची बाटली अशी वस्तू मंचावर नको. मृत्यूनंतर शांत सूर आणि उजेड आणला की ती सुटका वाटते, आणि प्रेक्षागृहात त्याच उंबरठ्यावर उभं असलेलं कुणी बसलेलं असू शकतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या पात्राला हवालदार अटक करतो, हा प्रवेशही आता काढा: २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतं आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देतं.

नटाला स्वतःचं दुःख उकरायला कधीही सांगू नका. त्यावर उभा राहिलेला अभिनय दहाव्या प्रयोगाला कोरडा पडतो, किंवा नटालाच ओढून नेतो. जड प्रवेश एका तालमीत दोनदाच करा, आणि शेवटी नाही. त्यानंतर पंधरा मिनिटं राखून ठेवा: कपडे बदलणं, तोंड धुणं, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारणं.

विषयाची सूचना तिकीट विकतानाच द्या, आणि तिसऱ्या घंटेआधी पुन्हा एकदा. दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवा, म्हणजे कुणाला उठून जाता येईल. बाहेरच्या फलकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. प्रयोग संपल्यावर प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू वाढवा आणि संघातल्या एकाला दाराशी उभं करा.