डिजिटल छायाचित्रात सोलरायझेशन करताना या चुका टाळा

सोलरायझेशन म्हणजे चित्रातल्या काही छटा उलटवून उजळ भाग गडद करणे. त्यासाठी फोटोशॉपमधला ‘सोलराइज’ हा फिल्टर लावला की पडद्यावर काळपट, मरगळलेले चित्र उमटते, हा बहुतेकांचा पहिला अनुभव असतो. त्यात फिल्टर बिघडलेला नसतो, तो केवळ वजाबाकी करतो. 0 ते 255 या मोजपट्टीवर निम्म्याहून उजळ असलेली प्रत्येक किंमत 255 मधून वजा होते. 200 चे 55 होतात आणि चित्रात 128 हून उजळ काही उरतच नाही. लेव्हल्समधील (गडद-उजळ छटांची मर्यादा ठरवणाऱ्या साधनातील) पांढऱ्या टोकाचा त्रिकोण 128 पर्यंत आत ओढला की उजेड परत येतो. मात्र 8 बिटच्या (प्रत्येक रंगाच्या 256 छटांच्या) फाइलवर हे केल्यास निम्म्याच छटा पूर्ण पट्टीभर ताणल्या जातात आणि आकाश किंवा भिंत अशा सपाट भागांत पट्टे दिसू लागतात; जेपेगमधले 8×8 पिक्सेलचे चौकोनही उघडे पडतात. त्यामुळे रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ नोंद) थेट 16 बिटमध्ये उघडून कामाला सुरुवात करावी. जेपेगला नंतर 16 बिटचे रूप दिल्याने गेलेल्या छटा परत येत नाहीत.

दुसरी चूक अधिक खोल आहे, कारण ती डार्करूममध्ये (फिल्म आणि कागदावरची छायाचित्रे धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत) काय घडते याच्या विस्मरणातून होते. छायाचित्राचा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात असताना, प्रतिमा अर्धवट उमटली की त्यावर क्षणभर पांढरा उजेड पाडतात आणि डेव्हलपिंग पुढे चालू ठेवतात. गडद भागांत चांदी आधीच तयार झालेली असल्याने त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. उजळ भागांत मात्र न वापरलेले सिल्व्हर ब्रोमाइड हे प्रकाशाने काळवंडणारे चांदीचे संयुग भरपूर शिल्लक असते, म्हणून ते काळवंडतात. (काटेकोरपणे याला सबातिए परिणाम म्हणावे, खरे सोलरायझेशन म्हणजे अतिप्रचंड एक्स्पोजरने होणारी उलटापालट. पण 1929 च्या सुमारास पॅरिसमध्ये मान रे आणि ली मिलर या छायाचित्रकारांनी हे तंत्र हाताळले तेव्हापासून चुकीचे नावच रूढ झाले आहे.) हे उजळ भाग बहुधा करडे होतात, ठार काळे नव्हे. म्हणून कर्व्ह्समध्ये (मूळ छटेची नवी छटा ठरवणाऱ्या आलेखात) उलट्या ‘व्ही’चा आकार काढताना त्याची उजवी बाजू तळापर्यंत न नेता मध्येच थांबवावी. माझ्या मते डार्करूमचा भास आणि स्वस्त फिल्टर यांतला निम्मा फरक एवढ्यानेच पडतो.

उरलेला निम्मा फरक कडांवरच्या रेषांचा, म्हणजे मॅकी रेषांचा. गडद भागातून सुटलेले ब्रोमाइड शेजारच्या पट्टीत पसरते, तिथले डेव्हलपिंग मंदावते आणि सीमेवर बारीक रेषा उरते. कर्व्हला शेजारचा पिक्सेल ठाऊकच नसतो. कड ओलांडताना मधल्या छटा उलट्या ‘व्ही’च्या शिखरावर येतात म्हणून तिथे रेषा दिसते इतकेच, आणि कड फार तीक्ष्ण असेल तर तीही तुटक येते. खऱ्यासारख्या रेषांसाठी लेयरची (चित्राच्या थराची) प्रत घेऊन कडा शोधणारा फिल्टर लावावा, निघालेल्या रेषा किंचित धूसर कराव्यात आणि कमी अपारदर्शकतेने मूळ चित्रावर मिसळाव्यात. रेषा उजळ हवी की काळी हे आधी ठरवावे: कागदावर प्रक्रिया केल्यास ती उजळ येते, निगेटिव्हवर केल्यास प्रिंटमध्ये काळी. काळ्या रेषेसाठी कर्व्ह सुलट्या ‘व्ही’चा घ्यावा.

रंगीत चित्रावर थेट कर्व्ह लावल्यास लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल (रंगांचे स्वतंत्र थर) वेगवेगळे उलटतात. गालाचा उजेडातला रंग 220, 170, 140 असेल तर फिल्टरनंतर तो 35, 85, 115 असा निळसर होतो. त्याच गालाचा सावलीतला 150, 100, 80 हा रंग 105, 100, 80 असा मळकट होतो. असा चेहरा आजारी वाटतो. आधी चित्र कृष्णधवल करावे आणि गालाची छटा नेमकी शिखरावर येत नाही ना, हे तपासावे. ती तिथे आली तर त्वचेवर डाग उमटतात आणि शिखर थोडे बाजूला सरकवल्यावर ते जातात.

शार्पनिंग आधी करू नये, कारण त्याने कडेला निर्माण झालेली प्रभावळ उलटून दुहेरी रेषा दिसते. चित्राचा आकारही रेषा काढण्यापूर्वीच ठरवावा. 6000 पिक्सेल रुंदीच्या चित्रावर शोभणारी तीन पिक्सेलची रेषा 1500 पिक्सेलपर्यंत आकार घटवल्यावर पुसट होऊन जाते.