बॅडमिंटनच्या कोर्टवर टेनिस

सोसायटीच्या आवारात सिमेंटचे बॅडमिंटन कोर्ट आखलेले असेल, तर मिनी टेनिससाठी, म्हणजे मुलांच्या छोट्या कोर्टवरच्या टेनिससाठी, वेगळी जागा शोधण्याची गरज नाही. कारण त्याची 13.4 मीटर लांबी आणि 6.1 मीटर रुंदी या खेळाला पुरेशी होते. जाळी मात्र बॅडमिंटनच्या उंचीवर ठेवून चालत नाही, ती साधारण 80 सेंटिमीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा खाली आणावी लागते आणि खांबांवर तशी सोय नसल्यास त्या उंचीवर ताणून बांधलेली सुती दोरीही काम भागवते.

खरा फरक चेंडूने पडतो. नेहमीचा पिवळा चेंडू सिमेंटवरून उसळून मुलांच्या खांद्याच्या वर जातो आणि दोन फटक्यांत कोर्टाबाहेर पडतो, तर लाल टप्प्याचा, म्हणजे शिकण्याच्या पहिल्या पायरीचा, म्हणून मिळणारा मऊ चेंडू त्यापेक्षा सुमारे 75 टक्के संथ असल्याने नवशिक्यालाही मागे सरून रॅकेट फिरवण्याइतका वेळ मिळतो. रॅकेटवर वायफळ खर्च करू नये. मुलांना 21 ते 23 इंची पुरते. सर्व्हिस खांद्याखालून करावी आणि पहिले काही दिवस गुण न मोजता, सलग किती फटके परतवता येतात एवढेच मोजावे.