जपानी बोलण्यातली लय: मात्रा मोजून उच्चार कसे घडवावेत

जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाचे सुटे उच्चार बहुधा चांगले असतात. त, द, न, र, श हे वर्ण त्याच्या तोंडात तयारच असतात. तरीही तो आजीबद्दल बोलत असताना ऐकणाऱ्याला वाटते की मावशीबद्दल चालले आहे, आणि बिअर मागितली तर समोरचा इमारत शोधू लागतो. इथे वर्ण चुकलेला नसतो, वेळ चुकलेला असतो. जपानीत एखादा स्वर किंवा व्यंजन किती वेळ धरले यावर शब्दाचा अर्थ ठरतो. जपानी प्रावीण्याच्या जेएलपीटी परीक्षेत एन ५ या सर्वांत खालच्या पातळीपासून एन १ या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत कुठेही बोलण्याचा विभाग नाही, त्यामुळे वरच्या पातळीपर्यंत पोचलेल्यांमध्येही हा दोष सहज टिकून राहतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी मात्रा, मग वर्ण, मग सूर. बरेच जण सुरापासून सुरुवात करतात. मात्रा डळमळीत असताना घोटलेला सूर हमखास चुकीच्या जागी पडतो.

पहिली पायरी: प्रत्येक शब्दाच्या मात्रा मोजा

जपानीत काळाचे एकक असते 'हाकु', म्हणजे एक ठोका. मराठी वाचकाने त्याला सरळ मात्रा म्हणावे. हिरागाना या जपानी लिपीचे एक अक्षर म्हणजे एक मात्रा. क्य, श्य, च्य यांसारख्या जोडाक्षरांतला लहान लिहिलेला भाग वेगळा मोजत नाहीत, त्यामुळे 'क्यो' ही एकच मात्रा. मात्र तीन गोष्टी स्वतंत्र मात्रा खातात आणि आपल्याकडून नेमक्या त्याच सुटतात: दीर्घ स्वराचा दुसरा भाग, जोडव्यंजनाआधीचा थांबा आणि 'न्'.

या लेखात दोन मात्रांमध्ये आडवी रेघ दिली आहे. अक्षरावर काना किंवा ओकार असला तरी रेघांमधला प्रत्येक तुकडा सारखाच आखूड म्हणायचा.

तोक्यो शहर: तो-ओ-क्यो-ओ, चार मात्रा. ओसाका: ओ-ओ-सा-का, चार. क्योतो: क्यो-ओ-तो, तीन. निप्पोन: नि-प्-पो-न्, चार. शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन): शि-न्-का-न्-से-न्, सहा. 'टोकियो' या आपल्या रूढ उच्चारात दोन्ही दीर्घ स्वर जातात आणि 'क्यो'चे दोन तुकडे होतात. हा तुकडा पाडण्याची सवय महाग पडते: ब्यो-ओ-इ-न् म्हणजे दवाखाना आणि बि-यो-ओ-इ-न् म्हणजे केशभूषेचे दुकान.

सगळ्यात जास्त चुकणारा शब्द मात्र रोजचाच आहे. को-न्-नि-चि-वा यात पाच मात्रा आहेत. आपण 'कोनिचिवा' म्हणतो आणि चार मात्रांत उरकतो. आ-रि-गा-तो-ओ याच्याही पाच आहेत, शेवटचा ओ खाऊ नये.

सराव बोटांवर करावा. टाळी वाजवली की नकळत त्या अक्षरावर जोर येतो, म्हणून टाळीपेक्षा बोटे मिटणे बरे. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे अॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि एका ठोक्यात दोन मात्रा म्हणा. जपानी कान मात्रा जोडीजोडीने ऐकतो. रि-मो-को-न् (रिमोट कंट्रोल), पा-सो-को-न् (पर्सनल कॉम्प्युटर), को-न्-बि-नि (कन्व्हीनियन्स स्टोअर) असे इंग्रजीवरून छाटलेले शब्द चार मात्रांचे होतात ते त्यामुळेच. फोन नंबर सांगतानाही २ आणि ५ हे एका मात्रेचे आकडे 'नि-इ', 'गो-ओ' असे दोन मात्रांचे करतात, म्हणजे जोडी मोडत नाही. ६० वर एकही मात्रा न गळता दहा शब्द जमले की ९०, मग १२० वर जा. साध्या संभाषणात सेकंदाला साधारण सात-आठ मात्रा जातात. तो वेग गाठायची घाई नको, कारण वेग वाढला की सर्वांत आधी 'न्' आणि दीर्घ स्वर गळतात.

दुसरी पायरी: मराठीची ऱ्हस्व-दीर्घाची सवय मोडा

मूळ अडचण इथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

मराठी बोलण्यात इ आणि उ यांची लांबी अर्थाने ठरत नाही, जागेने ठरते. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण लांबवतोच. 'मूल'मधला ऊ लांब असतो आणि 'मुलाला' म्हटले की तो आपोआप आखडतो. ए आणि ओ यांना तर ऱ्हस्व रूपच नाही, छंदशास्त्रातही ते कायम गुरू. ही सवय जपानीत आली की सु-शि या दोन आखूड मात्रांची 'सुशी' होते, 'को-रे' (हे) लांबून 'कोऽरेऽ' होते आणि को-को (इथे) व को-ओ-को-ओ (माध्यमिक शाळेनंतरची शाळा) यांत फरकच उरत नाही.

'आ'ची गंमत निराळी आहे. जपानी आ तोंडाच्या ठेवणीने आपल्या 'आ'सारखा आणि लांबीने आपल्या 'अ'एवढा असतो. 'कासा' (छत्री) म्हणताना तोंड 'का'इतके उघडावे, पण वेळ 'क'चा घ्यावा. देवनागरीत जपानी लिहून पाठ करणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, कारण काना पाहिला की जीभ लांबते. पहिल्या दोन आठवड्यांतच हिरागानाची ४६ अक्षरे शिकून देवनागरी वही बंद करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या जोड्या रोज म्हणाव्यात:

- ओ-बा-सा-न् (मावशी, आत्या, काकू) / ओ-बा-आ-सा-न् (आजी)
- ओ-जि-सा-न् (काका, मामा) / ओ-जि-इ-सा-न् (आजोबा)
- बि-रु (इमारत) / बि-इ-रु (बिअर)
- यु-कि (बर्फ) / यु-उ-कि (धैर्य)
- कि-ते (ये) / कि-त्-ते (टपाल तिकीट) / कि-इ-ते (ऐक)
- ओ-तो (आवाज) / ओ-त्-तो (नवरा)
- सा-का (चढण) / सा-क्-का (लेखक)

दीर्घ स्वर ऱ्हस्वाच्या किंचित लांब असून भागत नाही. तो दुपटीहून जास्त वाटला पाहिजे. 'ए-इ' असे लिहिलेले बहुतेक वेळा 'ए-ए' ऐकू येते: से-न्-से-ए.

जोडव्यंजन आपल्याला परके नाही: पक्का, पत्ता, गप्पा. मात्र आपण त्यावर जोर देऊन झटक्यात पुढे जातो. 'कि-त्-ते'मध्ये जीभ त च्या जागी नेऊन पूर्ण एक मात्रा थांबायचे, त्या वेळात आवाज शून्य, आणि मग 'ते' सोडायचा, जोर न देता. पुढे स किंवा श असेल तर शांतता न ठेवता फुसकारा लांबवतात: झा-श्-शि (मासिक).

तिसरी पायरी: 'न्' ला त्याची जागा द्या

अनुस्वाराचा उच्चार पुढच्या वर्णाप्रमाणे बदलतो हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. आंबा, अंगण, अंत यांत तो जसा म्, ङ्, न् होतो, तसाच सा-न्-पो (फेरफटका) मध्ये म् आणि गि-न्-को-ओ (बँक) मध्ये ङ् होतो. शिकायचे ते दोनच ठिकाणी.

पहिले ठिकाण शब्दाचा शेवट. 'हो-न्' (पुस्तक) म्हणताना आपली जीभ दातांमागे टेकते. जपानी बोलणारा मोकळा थांबतो तेव्हा जिभेचे टोक कुठेच टेकत नाही, आवाज मागून नाकात जातो, 'ङ्'च्या जवळपास. दुसरे ठिकाण स्वराच्या आधी. कि-न्-ए-न् म्हणजे धूम्रपानास मनाई आणि कि-ने-न् म्हणजे स्मरण. आपल्याकडून दोन्ही 'किनेन' होतात. 'संशय', 'संयम' म्हणताना जीभ न टेकवता स्वर नाकात जातो ना, तसाच पहिल्या शब्दातला न् नाकात, पूर्ण एक मात्रा धरावा आणि मग 'ए' नव्याने सुरू करावा.

चौथी पायरी: वर्णांची डागडुजी

इथे काम थोडे आहे. मराठीला एक देणगी आहे, तिचा उपयोग करा. 'चिमणी'तला च तालव्य आणि 'चुना', 'चूल' यांतला दंत्य. जपानीत नेमके तसेच आहे: चि तालव्य, चु दंत्य. 'त्सुनामी' लिहितात म्हणून त आणि स वेगवेगळे उच्चारू नका. 'चुन्या'तला चु घ्या, ओठ सैल सोडा, झाले. 'जिरे' आणि 'जोर' यांतल्या ज चेही असेच: जपानी 'जि' तालव्य, 'झु' आणि 'झा' दंत्य. 'च्यु' हा तालव्य आवाज स्वतंत्र आहे, तो चु मध्ये मिसळू नये.

त आणि द नेहमी दंत्य. तोयोता, होन्दा या नावांत ट-ड नाहीत. आपण ती इंग्रजी लिपीवाटे घेतली म्हणून टकार आला.

उ म्हणताना ओठांचा चंबू करू नये. फु साठी वरचे दात खालच्या ओठाला लावू नयेत. दोन ओठांमधून हलकी फुंकर सोडावी. र एकाच टिचकीचा, थरथर नको. त्या जागी ल म्हणण्याचे काही कारण नाही.

यापेक्षा महत्त्वाचे आहे पुटपुटले जाणारे इ आणि उ. क, स, श, त, च, प, ह यांच्या मध्ये सापडलेला इ किंवा उ कंठाचा आवाज सोडतो आणि नुसती हवा उरते. वाक्याच्या शेवटी 'दे-सु', 'मा-सु' यांतला उ असाच जातो. सु-को-शि (थोडे) मधला पहिला उ ऐकू येत नाही, पण सु-गो-इ (भन्नाट) मधला येतो, कारण पुढचा ग घोष, म्हणजे कंठाच्या आवाजाचा, आहे. शिकणारे इथे दोन टोकांना जातात. काही जण 'देसूऽ' म्हणतात. काही जण स्वराबरोबर मात्राही गाळतात आणि ता-कु-सा-न् (पुष्कळ) चे 'ताक्सान' करतात. स्वर कुजबुजावा, मात्रा मात्र शाबूत ठेवावी: चार बोटे मिटलीच पाहिजेत.

पाचवी पायरी: सूर

मराठी बोलताना लांब अक्षरावर वजन पडते आणि आवाजही चढतो. जपानीत आवाज चढवायचा नाही, फक्त सूर उंच किंवा खाली न्यायचा. तोक्योच्या प्रमाण बोलीचे नियम दोन: पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेचा सूर वेगळा असतो, आणि एकदा खाली आलेला सूर त्याच शब्दात परत वर जात नाही. म्हणजे एका शब्दाबद्दल लक्षात ठेवायचे ते इतकेच, की सूर पडतो का आणि कोणत्या मात्रेनंतर.

हा-शि हा शब्द घ्या. 'हा' उंच, 'शि' खाली: जेवणाच्या काड्या. 'हा' खाली, 'शि' उंच, आणि पुढे लागलेला 'गा' (कर्ता दाखवणारा प्रत्यय) खाली: पूल. हा खाली, शि उंच, 'गा'ही उंच: कडा. शेवटच्या दोघांत सुटा शब्द ऐकून फरक कळत नाही, म्हणून नवा शब्द नेहमी 'गा' लावून पाठ करावा. आ-मे: आ उंच असेल तर पाऊस, मे उंच असेल तर गोळी-चॉकलेटमधली गोळी.

शब्दागणिक पाठांतर सुरू करण्याआधी एक नियम घटवा, कारण रोजच्या बोलण्याचा मोठा भाग त्याने सुटतो. आदरार्थी क्रियापदांत सूर ठरावीक जागी पडतो, क्रियापद कोणतेही असो. '-मासु' आणि '-माशिता' मध्ये 'मा'नंतर, '-मासेन्' मध्ये 'से'नंतर, '-माशोओ' मध्ये 'शो'नंतर. ता-बे-मा-सु (खातो): ता खाली, बे-मा उंच, सु खाली.

शब्दांचा सूर पाहण्यासाठी तोक्यो विद्यापीठात तयार झालेला ओजाड हा ऑनलाइन कोश मोफत आहे. त्यातल्या 'सुझुकी-कुन' विभागात पूर्ण वाक्य टाकले की सुराची रेघ दिसते आणि ते ऐकताही येते. छापील आधार हवा असेल तर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा उच्चारकोश आहे, त्याची नवी आवृत्ती २०१६ ची.

सराव करताना आधी शब्द बाजूला ठेवून तेच वाक्य ओठ मिटून नुसते 'म्-म्-म्' असे गुणगुणा. वर्णांकडे लक्ष नसले की सूर नीट ऐकू येतो.

रोजची पंधरा मिनिटे

पहिली पाच मिनिटे वरच्या जोड्या. पुढची पाच मिनिटे मागोमाग बोलणे: एनएचकेच्या सोप्या जपानी बातम्यांतला २० ते ३० सेकंदांचा तुकडा घ्या, आधी मजकूर पाहून मात्रा मोजा, दोनदा ऐका, मग वाचणाऱ्याच्या अर्धा-एक सेकंद मागे राहून त्याच्याबरोबर बोला. एकच तुकडा तीन-चार दिवस ठेवा. रोज नवा घेतला तर सगळे लक्ष अर्थात जाते.

शेवटची पाच मिनिटे तपासणी. मोबाइलच्या कीबोर्डवर जपानी भाषा घेऊन बोलून टंकन सुरू करा आणि 'को-रे-वा … दे-सु' (हे … आहे) या चौकटीत एकेक शब्द म्हणा. चौकट मुद्दाम कोरी ठेवली आहे, म्हणजे यंत्राला संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही. तुम्ही आजी म्हणालात आणि पडद्यावर मावशी उमटली, तर 'आ' आखूड पडला. सुराच्या चुका मात्र ही पद्धत पकडत नाही. त्यासाठी स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ तुकड्याशेजारी ऐकावा लागतो.

पूर्ण वाक्यासाठी हे घ्या, यात सगळे एकत्र आले आहे: ओ-बा-आ-सा-न्-वा यु-क्-कु-रि आ-रु-कि-मा-सु (आजी सावकाश चालते). पंधरा मात्रा. सूर पहिल्या शब्दात 'बा'नंतर, दुसऱ्यात 'कु'नंतर आणि तिसऱ्यात 'मा'नंतर पडतो.

सुराबद्दल एक सूचना ओसाका-क्योतोकडे जाणाऱ्यांसाठी. तिकडे पूल आणि काड्या यांचे सूर तोक्योच्या उलट आहेत: पुलाचा 'हा' उंच, काड्यांचा खाली. मियाझाकीसारख्या काही भागांत तर सुराने शब्द वेगळे करतच नाहीत. तिथली माणसे तोक्योचा सूर समजतात, त्यामुळे एकच पद्धत धरून राहावे, दोन मिसळू नयेत. मात्रांना मात्र ही सवलत नाही: बि-रु आणि बि-इ-रु हे ओसाकातही दोन वेगळेच शब्द आहेत.