परसबागेसाठी शिंगखत

बायोडायनॅमिक शेती (रासायनिक खतांशिवायची एक शेतीपद्धत) म्हटलं की नवखे लोक आधी चंद्राच्या स्थितीनुसार कामं ठरवणारं कॅलेंडर धुंडाळतात. ते बाजूला ठेवा. त्याला भक्कम पुरावा नाही. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 मध्ये मांडलेल्या या पद्धतीतलं शिंगखत, म्हणजे ‘बीडी 500’, घरी करता येतं.

नवरात्राच्या आसपास, पाऊस ओसरला की, व्यालेल्या गाईच्या शिंगात दुभत्या गाईचं ताजं शेण ठासून भरा आणि हातभर खोल पुरा. आपली काळी जमीन पाणी धरून बसते, म्हणून जागा उंचवट्याची हवी. होळीच्या सुमाराला उकरा. शेणाचा दर्प जाऊन ओल्या मातीचा वास येत असेल आणि बोटांत भुगा होत असेल, तर खत तयार. नाहीतर परत पुरा. (शिंग मिळवायची खटपट नको असेल तर तयार खत विकत मिळतं.) माठात, सावलीत, ओलसर ठेवा.

एकराला साधारण 25 ते 30 ग्रॅम, 13 ते 15 लिटर कोमट पाण्यात. परसबागेला चिमूटभर पुरे. तासभर ढवळायचं: मधोमध खोल भोवरा पडला की लगेच उलट दिशेने. मग त्याच संध्याकाळी कडुनिंबाच्या डहाळीने मातीवर शिंपडा. मे महिन्यात तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवर शिंपडू नका. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की शिंपडा.

एवढ्याशा शिंगखतातून झाडांचं पोट भरत नाही. कंपोस्ट आणि सोयाबीनच्या भुसकटाचं आच्छादन लागतंच.